सीमाभागातल्या कॉलेजात विद्यार्थी टिकवायचे कसे? बसच्या वेळेपासून बॅकलॉगपर्यंत

पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षेचे अर्ज भरायची वेळ आली की डिग्री कॉलेजच्या ऑफिसात एक प्रश्न हमखास निघतो: हा मुलगा कोण? नाव हजेरीपटावर आहे, प्रवेशाची फी भरलेली आहे, पण चेहरा कुणालाच आठवत नाही. क्लार्क फोन लावतो, नंबर बंद लागतो, आणि नावापुढे लाल रेघ पडते.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या कॉलेजांसाठी हा लेख आहे. ज्यांच्या हाती वर्ग आहे ते प्राध्यापक आणि ज्यांच्या सहीने वेळापत्रक लागतं ते प्राचार्य, हे त्याचे वाचक. इथली बहुतेक कॉलेजं २०१० साली स्थापन झालेल्या राणी चन्नम्मा विद्यापीठाला जोडलेली आहेत. त्याआधी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे होती. नियम विद्यापीठ ठरवतं. मुलगा टिकतो की जातो याचा निकाल मात्र वर्गात, ऑफिसच्या खिडकीवर आणि बसस्टँडवर लागतो. त्यामुळे विद्यापीठाने काय करावं याची यादी इथे नाही. उद्या सकाळी कॉलेजात गेल्यावर आपल्याला काय करता येईल तेवढंच लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. ‘पोरांना शिकायचंच नाही’ हे स्टाफरूममधलं लाडकं वाक्य खरं असेल तर दोन-चार जणांपुरतं. बाकीची मुलं बस, भाषा, कागदपत्रं आणि पहिलं नापास होणं या चार ठिकाणी अडकून जातात. या चारही गोष्टी पहिल्या दीड महिन्यात दिसायला लागतात. पाहणारा माणूस ठरलेला हवा, आणि दिसल्यावर त्याच आठवड्यात काहीतरी करायचं हेही ठरलेलं हवं.

आधी गेल्या वर्षीची यादी काढा

गेल्या वर्षी पहिल्या सेमिस्टरला प्रवेश घेतलेल्यांची यादी आणि आजची तिसऱ्या सेमिस्टरची यादी शेजारी शेजारी ठेवा. जी नावं दुसऱ्या यादीत नाहीत त्यांचे दोन गठ्ठे करा.

पहिला गठ्ठा दाखला घेऊन गेलेल्यांचा. कुणी आयटीआयला गेला, कुणी नर्सिंगला, कुणी अग्निवीर झाला. कुणाला महाराष्ट्रात सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी असलेल्या जागांवर इंजिनिअरिंग मिळालं. कुणी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे वळला. ही गळती नव्हे. ही मुलं शिकतायत किंवा कमावतायत, तुमच्याकडे नाहीत इतकंच. त्यांना गळतीत मोजलं की चित्र उगाच काळं दिसतं आणि उपायही चुकतात.

दुसरा गठ्ठा न सांगता गेलेल्यांचा. दाखला ऑफिसातच पडून, मूळ मार्कशीटही तिथेच. काम याच गठ्ठ्यावर करायचं. प्रत्येकाला फोन करा. ‘का सोडलंस?’ असं विचारलं तर ‘घरची अडचण, सर’ एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी ‘शेवटी आलास त्या आठवड्यात काय काय झालं होतं?’ असं विचारा. मग बस बदलल्याचं निघतं, टेस्टचा पेपर कोरा दिल्याचं निघतं, ऑफिसात तीनदा परत पाठवल्याचं निघतं. नाव, गाव, बसमार्ग, दहावीचं माध्यम आणि शेवटच्या आठवड्यातली घटना असे पाच रकाने पुरतात. वीस-पंचवीस नावं भरून झाली की तुमच्या कॉलेजचा रोग तुम्हालाच दिसेल. तो शेजारच्या कॉलेजच्या रोगापेक्षा वेगळाही असू शकतो.

वेळापत्रक बसच्या वेळा समोर ठेवून लावा

जांबोटी-कणकुंबीकडून येणारी मुलं, नंदगड-खानापूरकडची मुलं, कडोली-येळ्ळूरची मुलं यांचा दिवस बसवर ठरतो. लोंढा-बेळगाव रेल्वेने येणाऱ्यांचा दिवस गाडीवर. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या महिलांना सरकारी साध्या बसने फुकट प्रवास मिळू लागला. मुलींच्या शिक्षणासाठी हे मोठंच झालं, पण सकाळच्या बसला दारात लोंबकळायलाही जागा नसते. मधल्या थांब्यावरच्या मुलांसमोरून बस न थांबता निघून जाते. चंदगड तालुक्यातून बेळगावला येणाऱ्या मुलींना शक्तीचा लाभ नाही. त्यांना महाराष्ट्राच्या एसटीत राज्याच्या हद्दीपर्यंत अर्धं तिकीट आहे, पण एसटीच्या फेऱ्या मोजक्या.

याचा वेळापत्रकाशी काय संबंध ते आकड्यांत पाहा. एका विषयाचे आठवड्याला ४ तास, १५ आठवडे, म्हणजे ६० तास. ७५ टक्के हजेरीसाठी ४५ तास लागतात. १५ चुकले तरी चालतात. आता हा विषय आठवड्यातून चारही दिवस पहिल्या तासाला लावला आणि मुलाची बस रोज वीस मिनिटं उशिरा पोचत असेल, तर चार आठवड्यांतच त्याचे १५ तास संपले. बाकी सगळ्या विषयांत तो ९० टक्के हजर असतो आणि या एका विषयात परीक्षेला बसायला अपात्र ठरतो. वर त्या विषयाच्या सरांचं मत ‘हा मुलगा बेजबाबदार’ असं पक्कं होतं.

म्हणून प्रवेश संपल्यावर पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाकडून कागद भरून घ्या: कुठून येतोस, कोणती बस, कॉलेजात किती वाजता पोचतोस, परतीची शेवटची बस कधी. मग पहिल्या तासाला रोज वेगळा विषय येईल असं वेळापत्रक फिरवा. प्रॅक्टिकल शेवटच्या बसच्या आत संपेल असं लावा. एकाच मार्गावरची दहा-बारा मुलं उशिरा येत असतील तर वायव्य कर्नाटक परिवहनच्या डेपो मॅनेजरला प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचं पत्र द्या: गावं, मुलांची संख्या, थांब्याचं नाव, हवी असलेली वेळ. पत्र कन्नडमध्ये द्या. तत्त्वाची चर्चा पुढे कधीतरी करू, आपल्याला बस थांबायला हवी आहे.

बसचा प्रश्न शिक्षणाचा नव्हे असं वाटणाऱ्यांसाठी एक दाखला. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ साली आपल्या दोन वर्षांच्या कॉलेजांत एएसएपी नावाचा कार्यक्रम सुरू केला. सल्लागाराला ठरावीक वेळी भेटणं सक्तीचं, पुस्तकांना मदत, जादा शिकवणी, आणि सोबत बस-मेट्रोचा फुकट पास. पुढे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून तपासणी झाली. कार्यक्रमाबाहेरच्या गटातल्या २२ टक्के मुलांनी तीन वर्षांत पदविका मिळवली होती, कार्यक्रमातल्या ४० टक्के मुलांनी. तो पास महिन्याला मिळायचा आणि सल्लागाराला भेटलं तरच मिळायचा. मला त्यातली ही गाठ सगळ्यात आवडते.

पहिले तीन आठवडे

विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१९ साली ‘दीक्षारंभ’ नावाने नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागत-कार्यक्रमाची रूपरेषा दिली. आपल्याकडे त्याचा बहुतेक वेळा पाहुण्यांचं भाषण, पुष्पगुच्छ आणि समोसा होतो. भाषण ठेवा, पण छोटं. त्या वेळात पुढची कामं करा.

मुलांचे सहा-सात जणांचे गट पाडा, आणि ते हजेरी क्रमांकाने न पाडता बसमार्गाने पाडा. एकाच बसने येणारी मुलं रोज तासभर सोबत असतात. त्यांची ओळख पहिल्या आठवड्यात करून दिली की उरलेलं काम बस करते. कुणी आला नाही तर गटाला सकाळीच कळतं, वर्गशिक्षकाला आठवड्याने कळण्याची वाट पाहावी लागत नाही. प्रत्येक गटाला त्याच मार्गावरचा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा एक दादा किंवा ताई नेमा. त्यांचं काम शिकवण्याचं नाही. चलन कुठे भरायचं, लायब्ररीचं कार्ड कसं काढायचं, कोणत्या क्लार्कला दुपारनंतरच भेटायचं, ही माहिती त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्त असते.

मुलींना पहिल्याच दिवशी स्वच्छतागृह, लेडीज रूम आणि सॅनिटरी पॅड कुठे मिळतात ते एखाद्या मॅडमनी फिरवून दाखवावं. हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं आणि विचारायला मुली लाजतात.

इथे थोडं शास्त्र सांगतो. व्हिन्सेंट टिंटो या अमेरिकन अभ्यासकाने १९७५ साली मांडलं की विद्यार्थी संस्थेच्या अभ्यासात आणि तिथल्या माणसांत जितका मुरतो तितका तो टिकतो. त्या मांडणीवर टीका झाली, कारण तिच्यामागे कॉलेजच्या आवारातच राहणारा मुलगा होता. पुढे टिंटोंनीच लिहिलं की रोज येऊन-जाऊन शिकणाऱ्याला कॉलेजशी नातं जोडायला वर्ग हीच एक जागा असते. आपली बहुतेक मुलं दुपारची बस पकडून घरी जातात. गॅदरिंग, एनएसएस, कबड्डीची टीम हे सगळं चांगलंच, पण दोनच्या बसने जाणाऱ्या मुलीच्या वाट्याला ते येत नाही. तिची ओळख, मैत्री, शंका, जे काही व्हायचं ते तासाला बाकावरच. म्हणून तासातली दहा मिनिटं गटात बोलण्यासाठी काढणं म्हणजे पोर्शन मागे पाडणं असं समजू नका.

भाषा

सीमाभागात हा विषय निघाला की आवाज चढतात. वर्गापुरतं बोलायचं तर वस्तुस्थिती अशी: एका बाकावर मराठी माध्यमातून दहावी झालेला, शेजारी कन्नड माध्यमाचा, मागे उर्दू शाळेतली मुलगी, आणि पुस्तक इंग्रजीत. पीयूसीची, म्हणजे अकरावी-बारावीची, दोन वर्षं गाइड पाठ करून निघाली. डिग्रीत आल्यावर पहिल्यांदा स्वतःच्या वाक्यात उत्तर लिहायची वेळ येते. सर इंग्रजीत सुरू करतात, समजावताना कन्नडमध्ये जातात, आणि मराठी माध्यमाचा मुलगा दोन्हीकडून हुकतो. ‘समजलं का?’ विचारलं की तो मान डोलावतो. ती मान खरी धरू नका.

पहिलं काम: प्रत्येक धड्याला एक पान. तीन रकाने, इंग्रजी, कन्नड, मराठी. कॉमर्सला डेप्रिसिएशन, सवकळी, घसारा; असे वीस-पंचवीस शब्द. हे पान मुलांकडूनच तयार करून घ्या. कन्नड रकाना कन्नड माध्यमाची मुलं भरतील, मराठी रकाना मराठीची. दोघांना एकमेकांची गरज लागते हा वरचा फायदा. शिक्षकाने फक्त तपासायचं.

दुसरं: तास संपताना दोन मिनिटांची चिठ्ठी. चतकोर कागद, नाव नको, कोणत्याही भाषेत एक ओळ: आज काय कळलं नाही. मी बी.कॉम.च्या वर्गात हे सुरू केलं तेव्हा सुरुवातीला ‘सगळं कळलं’ अशा चिठ्ठ्या जास्त आल्या. पुढच्या तासाची सुरुवात मी त्यातल्या न कळलेल्या गोष्टीनेच करतो हे दिसल्यावर चिठ्ठ्या खऱ्या होऊ लागल्या. ‘डेबिट म्हणजे पैसे गेले मग मशीन आलं तरी डेबिट का’ अशी एक चिठ्ठी अख्ख्या वर्गाची अडचण एका ओळीत सांगते, आणि ती तोंडी कुणीही विचारली नसती. उर्दू आणि कन्नड चिठ्ठ्या वाचायला दुसऱ्या सहकाऱ्याची मदत घ्या. इमोजी काढणारेही निघतात, चालू द्या.

तिसरं: उत्तरपत्रिका कोणत्या भाषेत लिहायची मुभा आहे हे विषयवार परीक्षा विभागाकडून लेखी घेऊन नोटीस बोर्डावर लावा. यावर वर्गात निम्म्या अफवा असतात. भाषा-विषयाची निवडही प्रवेशाच्या वेळीच नीट समजावून द्या. चुकीचा भाषा-विषय पडला की तो मुलगा तीन वर्षं त्याच राहिलेल्या विषयामागे, म्हणजे बॅकमागे, धावतो.

१ नोव्हेंबरच्या आसपास टेस्ट ठेवू नका. एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी भाषिकांचा काळा दिन; बसचा भरवसा नसतो आणि पोरांची डोकीही ठिकाणावर नसतात. त्या आठवड्यात शिक्षकांनी आपली मतं स्टाफरूममध्येच ठेवावीत, मग ती कोणत्या का बाजूची असेनात.

हजेरी मोजण्यासाठी नव्हे, फोन करण्यासाठी

हजेरीपट महिनाअखेरीला भरून टक्केवारी काढणं हा हिशेब झाला. मुलगा टिकवायचा तर नियम एकच: सलग तीन दिवस गैरहजर, की त्याच आठवड्यात फोन. कुणी करायचा, तेही ठरवून टाका. वीस मुलांमागे एक शिक्षक. आधी मुलाला स्वतःला. तो उचलत नसेल तर गटातल्या दादाला विचारा. घरी फोन त्यानंतर.

घरचा फोन कसा असावा? खानापूर तालुक्यात जुलैत भाताची लावणी असते. असा एक फोन:

‘काकू नमस्कार, कॉलेजमधनं सर बोलतोय. तुमचा लेक चार दिवस दिसला नाही, म्हटलं विचारावं. बरा आहे ना?’

‘बरा हाय सर. रोप लावूलाय न्हवं. माणसं कुठं मिळत्यात.’

‘पाऊस बरा आहे का तिकडं? लावणी कधी आटपंल?’

‘आईतवारपातूर हुतंय बगा.’

‘मग सोमवारी लावून द्या. दोन धडे झालेत, शनिवारी जादा तास घेतो त्यात भरून काढू.’

यात ७५ टक्के नाही, नोटीस नाही, ‘वर्ष वाया जाईल’ नाही. परत यायचा दिवस आईच्याच तोंडून आला. आता शिक्षकाने सोमवारी पहिल्या तासाला त्याचा चेहरा शोधायचा, आणि शनिवारचा तास खरंच घ्यायचा. तो घेतला नाही तर पुढच्या फोनला कुणी किंमत देणार नाही.

मुलींच्या बाबतीत सावध राहा. कॉलेजातून पुरुष शिक्षकाचा फोन गेला की काही घरांत ‘तक्रार आली, बस झालं आता शिक्षण’ असा अर्थ निघतो. तिथे मॅडमनीच बोलावं, आणि बोलणं मुलीच्या कौतुकाने सुरू करावं: तिचा प्रोजेक्ट राहिलाय, तिच्याशिवाय गटाचं अडतंय. सेमिस्टरच्या सुट्टीत मुलीचं लग्न ठरलं असेल तर रागावण्यात अर्थ नाही. दोन्ही घरांशी बोला आणि परीक्षेच्या तारखा आधीच हातात द्या. लग्नानंतर सासरच्या गावाहून येऊन परीक्षा देणाऱ्या मुली आहेत; त्यांना वेळापत्रक वेळेवर मिळणं एवढंच पुष्कळदा पुरतं.

हंगामाचं कॅलेंडर भिंतीवर लावा: लावणी, गणेशोत्सव, सौंदत्तीची यल्लम्मा यात्रा, ऊसतोड, निपाणीकडे तंबाखूची कामं, गावोगावच्या जत्रा. या दिवसांत गैरहजेरी येणारच, ती आधीच धरून चाला. जड धडे आणि टेस्ट त्यांच्या अलीकडे-पलीकडे टाका. उद्यमबागच्या फाउंड्रीत शिफ्ट करणारी आणि वडगाव-शहापूरला घरच्या मागावर बसणारी मुलं वेगळी नोंदवा. त्यांना गैरहजर न म्हणता कोणत्या शिफ्टला कोणते तास चुकतात ते विचारा. सैन्यभरतीची तयारी करणारेही पुष्कळ, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच असल्याने ते स्वप्न डोळ्यांसमोरच असतं. पहाटे पाचला धावून आलेला पोरगा दुसऱ्या तासाला पेंगतो. त्याला उभं करून अपमान करण्यापेक्षा डिग्री झाली तर पुढे काय काय उघडतं ते दोन वाक्यांत सांगा, आणि खिडकीजवळ बसवा.

चौथ्या आठवड्यात छोटी टेस्ट

पहिली परीक्षा आठव्या-नवव्या आठवड्यात असेल तर तोवर उशीर झालेला असतो. चौथ्या आठवड्यात प्रत्येक विषयाची वीस मिनिटांची, दहा मार्कांची टेस्ट घ्या. ते मार्क इंटर्नलमध्ये धरू नका, पेपर तीन दिवसांत तपासून परत द्या. हेतू एवढाच की कोण बुडायला लागलंय ते आपल्याला आणि त्यालाही कळावं.

कमी मार्क पडलेल्यांना ‘कच्च्यांचा वर्ग’ लावायचा मोह होतो. टाळा. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत युरी ट्राइसमन या गणिताच्या शिक्षकाने पाहिलं की कॅल्क्युलसमध्ये मागे पडणारी कृष्णवर्णीय मुलं कष्टाला कुठेच कमी नव्हती, पण ती एकेकटी अभ्यास करत होती. चिनी वंशाची मुलं घोळक्याने बसून एकमेकांची उत्तरं तपासत. मग त्याने उजळणी न लावता गटात बसवून कठीण गणितं सोडवायला दिली, आणि निकाल पालटला. आपल्याकडे यासाठी वेगळा पैसा लागत नाही. जेवणानंतर रिकामी असलेली एक खोली, आठवड्यातून दोन दिवस, सहा जणांना मिळून एक अवघड प्रश्न, आणि दारात एक शिक्षक. पक्की मुलंही त्यात बसवा.

कागदपत्रं: इथे वेळ द्या

शिष्यवृत्ती अडली की फी अडते, फी अडली की परीक्षा अर्ज अडतो, आणि मुलगा यायचाच बंद होतो. शिष्यवृत्तीची पोर्टलं म्हणजे राज्याचं एसएसपी आणि केंद्राचं एनएसपी; शिवाय शेतकऱ्यांच्या मुलांसाठी २०२१ साली सुरू झालेली रयत विद्यानिधी. प्रत्येकाचे नियम वर्षागणिक हलतात, म्हणून त्या त्या वर्षीचं पोर्टलच पाहावं. पण अडचणी ठरलेल्या आहेत.

एक म्हणजे नाव. दहावीच्या मार्कशीटवर नाव आधी आणि आडनाव शेवटी, आधारवर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव गायब, पासबुकात ‘श’चा ‘स’. संगणकाला ही तीन माणसं वाटतात. दुसरी अडचण नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) मिळणाऱ्या जात-उत्पन्न दाखल्याची: मुदत संपलेली, किंवा त्यावरचा आरडी नंबर चुकीचा टाकलेला. तिसरी बँकेची: खातं आहे पण आधारशी जोडलेलं नाही, म्हणून मंजूर झालेले पैसे येतच नाहीत. चौथी सगळ्यात हसू आणणारी आणि सगळ्यात त्रासाची: प्रवेशाचा अर्ज गावातल्या सायबरवाल्याने भरला, मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच टाकला. आता यूयूसीएमएसचा, म्हणजे प्रवेश-परीक्षेच्या सरकारी पोर्टलचा, ओटीपी दर वेळी त्या सायबरवाल्याला जातो आणि तो जत्रेला गेलेला असतो.

उपाय: प्रवेशानंतर पंधरा दिवसांत ‘कागदांचा दिवस’ ठेवा. चार टेबलं. पहिल्यावर तिन्ही कागदांवरची नावं अक्षर न् अक्षर जुळवायची. दुसऱ्यावर दाखल्याची मुदत आणि नंबर. तिसऱ्यावर बँक-आधार जोडणी. जवळच्या बँकेचा माणूस बोलावला तर बहुधा येतो. चौथ्यावर पोर्टलवरचा नंबर आणि पासवर्ड मुलाच्या स्वतःच्या नावावर आणायचा. पोर्टल कन्नड-इंग्रजीत, पालकांना मराठीच वाचता येतं. म्हणून कोणता कागद कुठून आणायचा याचं एक पान मराठीत छापून घरी पाठवा. टेबलांवर तिसऱ्या वर्षाची मुलं बसवा, ती हे काम क्लार्कपेक्षा जलद करतात.

शिवाय कॉलेजात एक छोटा निधी असावा. माजी विद्यार्थ्यांकडून, शिक्षकांच्या वर्गणीतून, कसाही. परीक्षेची फी किंवा बसपाससाठी दोन-तीन हजार, दोन दिवसांत, एका सहीवर. अर्ज, शिफारस, समितीची बैठक असा प्रवास लावलात तर गरज संपून जाते आणि मुलगाही.

मेंटर

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकमुळे प्रत्येक कॉलेजात मेंटर-मेंटीच्या, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक आणि त्याच्याकडे सोपवलेल्या मुलांच्या, वह्या आहेत. त्या कधी भरल्या जातात हे वाचकांना मी सांगायला नको. खरी वही चालवायची तर तिला तीनच ओळी ठेवा: शेवटची भेट कधी, काय अडलंय, मी काय करतो म्हणालो. महिन्यातून एकदा प्रत्येकाला दहा मिनिटं. अतिथी प्राध्यापकांकडे हे काम सोपवत असाल तर त्यांच्या तासांत ते धरा. तासावर मानधन असलेल्या माणसाने फुकट मेंटर व्हावं ही अपेक्षा मला पटत नाही.

बॅकलॉग आणि गेलेले

पहिल्या निकालानंतरचा आठवडा सगळ्यात धोक्याचा. तीन विषय गेलेला मुलगा धरून चालतो की आपलं वर्ष गेलं, आणि दुसऱ्या सेमिस्टरला येत नाही. बहुतेकदा बॅक ठेवून पुढे जाता येतं. कोणत्या बॅचला कोणता नियम, हे परीक्षा विभागाकडून नक्की करून घ्या. २०२१-२२ पासून आलेल्या मुलांना राष्ट्रीय शिक्षण धोरणाचा (एनईपी) चार वर्षांचा आराखडा, आणि २०२४-२५ पासून राज्याने पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. जुन्या नियमाची बॅक असलेली आणि नव्या नियमाची मुलं एकाच आवारात असल्याने मित्राने सांगितलेला नियम हमखास चुकीचा निघतो. निकाल लागल्यावर तीन दिवसांत प्रत्येक नापास मुलाच्या हाती कागद द्या: कोणते विषय गेले, ते पुन्हा कधी, फी किती, आणि तोवर वर्गात येता येतं की नाही.

परीक्षा अर्जाची मुदत संपायच्या दहा दिवस आधी, अर्ज न भरलेल्यांची यादी काढून मेंटरांमध्ये वाटा. फोन संध्याकाळी सात ते नऊ करा. दिवसा माणसं शेतात किंवा कामावर असतात. तीनच प्रश्न: फी अडली आहे का, लॉगिन अडलं आहे का, की यायचंच नाही. पहिल्या दोनांचा निकाल त्याच आठवड्यात लागतो. तिसऱ्याला पुन्हा प्रवेश कधी आणि कसा घेता येईल ती तारीख सांगा आणि स्वतःच्या डायरीतही लिहा. रोज येणं ज्याला जमणारच नाही त्याला म्हैसूरच्या कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाचा किंवा इग्नूचा रस्ता दाखवा.

आणि जाणाऱ्याचे मूळ कागद अडवून ठेवू नका. यूजीसीच्या नियमाने मूळ प्रमाणपत्रं संस्थेला ठेवून घेता येत नाहीत. राहिलेल्या फीचा वाद वेगळा चालवा. ऑफिसात पडून राहिलेल्या दहावी-पीयूसीच्या मार्कशीटची पाकिटं खिडकीवरच्या क्लार्ककडे गावांप्रमाणे लावून ठेवा, म्हणजे कुणी मागायला आला की दोन मिनिटांत सापडतील, आणि त्याच वेळी ‘पुढच्या वर्षीचा फॉर्म जूनमध्ये मिळतो’ हेही सांगता येईल.